लाइट आली की दिवा भडकतो

तासगाव तालुक्यात माझ्या मामांची द्राक्षबाग आहे. बागेच्या कडेला गोठा, गोठ्यात दोन म्हशी आणि एक गाय, आणि कोपऱ्यात ट्रॅक्टरची उतरवलेली बॅटरी. शेतीच्या लाइटची पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. लाइट नसेल तेव्हा धारेपुरता उजेड हवा म्हणून मी त्या बॅटरीवर त्यांना एक दिवा करून दिला होता. एक-एक वॉटचे तीन पांढरे एलईडी एकामागे एक जोडले, एक रेझिस्टर (करंटला अडवणारा छोटा भाग) लावला, झालं. महिनाभरात मामांचा फोन आला. "आरं, दिवा गेला की. लाइट आली की भडकायचा, आन् परवा भडकला तो इझलाच."

रोग काय हे मामांनी या दोन वाक्यांत सांगून टाकलं होतं. लाइट आली की बॅटरीचा चार्जर चालू होतो. चार्जर चालू झाला की बॅटरीचं व्होल्टेज चढतं. व्होल्टेज चढलं की दिवा भडकतो. पण व्होल्टेज थोडंसंच चढलेलं असताना दिवा इतका का भडकावा, आणि त्यावर साधा, टिकाऊ उपाय काय, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. आपल्याकडे गोठ्यात, मोटारीच्या खोलीत, बेदाण्याच्या शेडमध्ये असे बॅटरीवरचे दिवे बरेच असतात, आणि त्यातले बहुतेक याच कारणाने जातात.

पहिली गोष्ट म्हणजे १२ व्होल्टची बॅटरी १२ व्होल्टची नसते. ते तिचं नुसतं नाव. पूर्ण भरून निवांत ठेवलेली लेड-अॅसिड बॅटरी सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते. उतरत उतरत ती ११ च्या खाली येते, १०.८ म्हणजे संपलीच. आणि चार्जर लावलेला असताना तिच्या टोकांवर १४.४ पर्यंत व्होल्टेज चढतं. म्हणजे आपला दिवा १०.८ ते १४.४ या सगळ्या पट्ट्यात राहणार आहे. हिशोब १२ वर करायचा आणि संसार या पट्ट्यात, अशी माझी चूक झाली होती.

दुसरी गोष्ट एलईडीच्या स्वभावाची. जुन्या पिवळ्या बल्बची तार तापली की तिचा रेझिस्टन्स चांगला दहापट वाढतो, त्यामुळे करंट आपोआप आवरला जातो. एलईडीचं उलट. त्याला ठराविक व्होल्टेज मिळेपर्यंत तो ढिम्म असतो, आणि एकदा ती पायरी ओलांडली की दोन दशांश व्होल्ट जास्त दिले तरी करंट दुपटीच्या घरात जाऊ शकतो. पांढऱ्या एलईडीची ही पायरी तीन व्होल्टच्या आसपास असते, कारण तो मुळात निळा एलईडी असतो आणि त्याच्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप असतो. निळ्या प्रकाशाच्या कणात ऊर्जा जास्त, म्हणून व्होल्टेजही जास्त लागतं. लाल एलईडीचं दोन व्होल्टमध्ये भागतं. (हा झगझगीत निळा एलईडी बनवणं इतकं अवघड होतं की ते जमवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आज त्याचीच भावंडं गोठ्यात टांगलेली असतात, याचं मला अजून नवल वाटतं.)

त्यात भर म्हणजे एलईडी तापला की त्याची पायरी खाली सरकते, दर अंशाला दोन-तीन हजारांश व्होल्टने. म्हणजे व्होल्टेज तेच ठेवलं तर गरम एलईडी जास्त करंट ओढतो, त्याने आणखी गरम होतो, आणखी ओढतो. म्हणून एलईडीला व्होल्टेज मोजून द्यायचं नसतं. त्याला करंट मोजून द्यायचा. व्होल्टेज किती घ्यायचं ते तो स्वतः ठरवतो. एक वॉटच्या एलईडीला साधारण ३५० मिलीअँपिअर ही मर्यादा. मी नेहमी ३२० च्या आसपास ठेवतो. उजेडात फरक डोळ्याला कळत नाही, पण एलईडी थंड राहतो.

आता माझ्या पहिल्या दिव्याचा हिशोब बघा. तीन एलईडी, प्रत्येकी ३.२ व्होल्ट, म्हणजे ९.६. बॅटरी १२ ची धरली तर २.४ व्होल्ट उरतात. ते ०.३२ अँपिअरला खायला साडेसात ओहमचा रेझिस्टर. कागदावर सुरेख. आता चार्जर चालू झाला आणि बॅटरी १४.४ वर गेली. उरलेले व्होल्ट २.४ चे ४.८ झाले, दुप्पट. रेझिस्टर तोच, म्हणजे करंटही दुप्पट, ०.६४ अँपिअर. करंट वाढला की एलईडीही थोडं जास्त व्होल्टेज घेतात, म्हणून खरा आकडा जरा कमी पडेल, पण दीडपटीच्या खाली काही येणार नाही. बॅटरी फक्त वीस टक्के चढली आणि दिव्याचा करंट जवळपास दुप्पट झाला. मामांच्या भाषेत, भडकला. आणि बॅटरी ११.५ वर उतरली की तोच दिवा पाव अँपिअरवर मंद.

उपाय काय, हे मला खरं तर मामांच्याच बागेत दिसायला हवं होतं.

त्यांची बाग उतारावर आहे. वरच्या टोकाला ठिबकच्या नळीत प्रेशर कमी, खालच्या टोकाला जास्त. साधे ड्रीपर लावले तर खालच्या वेली भिजून चिंब आणि वरच्या कोरड्या. म्हणून त्यांनी पीसी ड्रीपर लावलेत, प्रेशर सांभाळून घेणारे. चार लिटरचा ड्रीपर असेल तर नळीत एक किलो प्रेशर असो की तीन किलो, तासाला चार लिटरच देणार. आत रबरासारखी एक लवचीक चकती असते. प्रेशर वाढलं की ती दबते आणि पाण्याची वाट अरुंद करते. प्रेशर उतरलं की सैल होते आणि वाट मोकळी करते. जादा प्रेशर त्या अरुंद वाटेत जिरतं, वेलीपर्यंत पोहोचत नाही.

प्रेशर म्हणजे व्होल्टेज, पाण्याची धार म्हणजे करंट. आपल्याला एलईडीसाठी पीसी ड्रीपर हवा आहे. इलेक्ट्रॉनिक्समध्ये त्याला लिनिअर रेग्युलेटर म्हणतात, आणि सांगलीत कुठल्याही पार्टच्या दुकानात तो चहा-वड्याच्या पैशात मिळतो. त्याचं नाव एलएम३१७. १९७० च्या दशकात नॅशनल सेमीकंडक्टर कंपनीत तयार झालेली ही तीन पायांची आयसी, म्हणजे एका छोट्या तुकड्यात मावलेलं अख्खं सर्किट, अजून तशीच चालते आहे.

एलएम३१७ च्या पोटात तीन गोष्टी आहेत असं समजा. एक, १.२५ व्होल्टचं पक्कं माप. उष्णतेने घटणारं एक व्होल्टेज आणि उष्णतेने वाढणारं दुसरं, अशी दोघांची बेरीज करून ते बनवलेलं असतं. एकाची घट दुसऱ्याच्या वाढीत खोडली जाते, म्हणून माप थंडीत-उन्हात हलत नाही. दोन, त्या मापाशी सतत ताडून बघणारं सर्किट. तीन, मधल्या वाटेवरचा जाड ट्रान्झिस्टर, म्हणजे ड्रीपरमधली ती चकती. आयसीचं काम एकच: आउटपुटचा पाय आणि अॅडजस्टचा पाय यांच्यामध्ये १.२५ व्होल्ट राखायचे. कमी पडले तर ट्रान्झिस्टर उघडायचा, जास्त झाले तर आवळायचा.

म्हणून या दोन पायांमध्ये एक रेझिस्टर बसवा आणि अॅडजस्टच्या पायापासून पुढे एलईडी जोडा. रेझिस्टरवर कायम १.२५ व्होल्ट, म्हणजे त्यातून वाहणारा करंट कायम १.२५ भागिले रेझिस्टर. तो करंट पुढे एलईडीतूनच जातो, त्याला दुसरी वाट नाही. (अॅडजस्टच्या पायातून जो करंट येतो तो मिलीअँपिअरचा विसावा भाग, तो सोडून द्या.) ३.९ ओहमचा रेझिस्टर घेतला तर १.२५ ÷ ३.९ = ०.३२ अँपिअर. त्या रेझिस्टरमध्ये ०.४ वॉट जळतात, तेव्हा पाव वॉटचा बारीक रेझिस्टर घेऊ नका, एक वॉटचा घ्या. करंट बदलायचा तर फक्त हा रेझिस्टर बदलायचा. यातली सोपेपणाची गोडी अशी आहे की एलईडी कुठल्या कंपनीचा, त्याचं व्होल्टेज ३.० की ३.४, याची पर्वाच करावी लागत नाही.

पायांची मांडणी मात्र पाठ हवी. आयसीचा छापील भाग आपल्याकडे केला की डावीकडून अॅडजस्ट, आउटपुट, इनपुट. ७८०५ (कायम ५ व्होल्ट देणारी अशीच तीन पायांची आयसी) वापरून हात बसलेला माणूस इथे हमखास चुकतो, कारण तिथे इनपुट डावीकडे आणि मधला पाय मायनसचा असतो. इथे कुठलाच पाय मायनसला जात नाही.

आता पीसी ड्रीपरची दुसरी बाजू. नळीत किमान काही प्रेशर असेल तरच तो सांभाळून घेतो. त्याखाली तो साध्या ड्रीपरसारखाच. एलएम३१७ चंही असंच आहे. त्याला स्वतःसाठी पावणेदोन-दोन व्होल्ट लागतात, शिवाय रेझिस्टरचे १.२५ वेगळे. म्हणजे एलईडीच्या वर सव्वातीन व्होल्ट शिल्लक हवेत. तीन एलईडीचे ९.६ आणि हे सव्वातीन मिळून १२.८५. उतरणीला लागलेली बॅटरी तेवढं देणारच नाही. म्हणून एलएम३१७ वापरायची तर १२ व्होल्टवर दोनच एलईडी. ६.४ आणि सव्वातीन, म्हणजे ९.६५; बॅटरी १०.८ वर येईपर्यंत दिवा न हलता जळेल.

इथे मामांनी विचारलेला प्रश्न फार योग्य होता. "तिसरा काढला, मंग बॅटरी जास्त चालंल का?" नाही चालत. एकामागे एक जोडलेल्या साखळीत करंट एकच असतो. एक एलईडी लावा, दोन लावा, तीन लावा, बॅटरीतून ०.३२ अँपिअरच जाणार. सात अँपिअर-तासांची छोटी बॅटरी तिन्ही वेळा वीस-एकवीस तासच चालायची. बॅटरी १२.६ वर असेल तर दर क्षणी ४ वॉट बाहेर पडतात. त्यातले दोन वॉट एलईडीत, ०.४ रेझिस्टरमध्ये, आणि उरलेले १.६ आयसीत, निव्वळ उष्णता म्हणून. लिनिअर रेग्युलेटर वीज वाचवत नाही. तो जादा व्होल्ट स्वतःच्या अंगावर घेतो आणि जाळून टाकतो. एलईडीचा जीव वाचतो तो त्या बदल्यात.

तेव्हा पुढचा सगळा प्रश्न त्या उष्णतेचा आहे, आणि माझ्या अनुभवात घरी केलेले असे दिवे इथेच फसतात. चार्जर चालू असताना १४.४ मधून ६.४ आणि १.२५ गेले की आयसीवर ६.७५ व्होल्ट राहतात. गुणिले ०.३२, म्हणजे जवळजवळ २.२ वॉट. उघडी, हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूचा तुकडा) नसलेली ही आयसी दर वॉटला सुमारे ५० अंश तापते. म्हणजे १०८ अंशांची वाढ. वैशाखातल्या गोठ्यातले ४० धरा, आतलं तापमान १४८ वर. तिची कामाची मर्यादा १२५. आणखी तापली तर ती स्वतःला बंद करते, गार झाली की पुन्हा चालू, आणि दिवा उघडझाप करत बसतो. ती जळत नाही हे तिचं मोठेपण, पण तिला रोज त्या टोकाला नेऊ नये. तळहाताच्या निम्म्या आकाराची, पंख असलेली अॅल्युमिनियमची हीटसिंक लावली तर तीच वाढ चाळीस-पन्नास अंशांवर येते. हीटसिंक डब्याच्या बाहेर ठेवा. बंद प्लॅस्टिकच्या डब्यात कोंडलेली हीटसिंक तासाभराने नुसतं वजन होऊन बसते.

हीटसिंकवरूनच माझा दुसरा दिवा पहिल्या दिवशी लागला नव्हता. अॅल्युमिनियमच्या डब्यालाच आयसी स्क्रूने आवळली होती, म्हटलं डबाच हीटसिंक होईल. आणि बॅटरीचं मायनसही त्याच डब्याला जोडलं होतं. एलएम३१७ ची धातूची पाठ आतून आउटपुटच्या पायाला जोडलेली असते. म्हणजे मी आउटपुट थेट मायनसवर आदळलं होतं. एलईडीला काहीच मिळेना आणि डबा हात लावू देईना. आयसीने स्वतःचा करंट आवळून धरला म्हणून ती वाचली. आयसी आणि धातू यांच्यात अभ्रकाचा किंवा सिलिकॉनचा तुकडा आणि स्क्रूला प्लॅस्टिकचं बूच एवढंच लागतं. आवळून झालं की मीटर बीपवर ठेवून पाठ आणि डबा तपासायचे. बीप आली तर पुन्हा उघडायचं.

उष्णता थोडी वाटूनही घेता येते. १०.८ व्होल्टलासुद्धा आपल्याकडे १.१५ व्होल्ट शिलकी आहेत. आयसीच्या आधी ३.३ ओहमचा, एक वॉटचा रेझिस्टर टाकला तर एक व्होल्टच्या वर तो घेतो आणि ०.३४ वॉट उष्णता आयसीऐवजी त्याच्या अंगावर जाते. एकूण जळणारी वीज तेवढीच राहते. ओझं तेच, खांदे दोन.

एलईडी जोडण्याआधी करंट तपासायची एक पद्धत मला फार आवडते. मीटर दहा अँपिअरच्या रेंजवर लावून एलईडीच्या जागी सरळ मीटरच जोडायचा. साध्या बॅटरीवर असं केलं तर मीटरचा फ्यूज किंवा मीटरच जाईल. इथे तो ०.३२ दाखवून शांत राहतो, कारण करंट आयसीच्या हातात आहे. फक्त हीटसिंक लावलेली हवी आणि दोन-चार सेकंदांत आटपायचं, कारण त्या वेळी एलईडीचा वाटाही आयसीलाच सोसावा लागतो. आणि बॅटरीच्या प्लसला लागूनच एक अँपिअरचा फ्यूज टाका. ट्रॅक्टरच्या बॅटरीत वायर वितळवण्याइतकी ताकद असते आणि गोठ्यात कडबा असतो. यात चालढकल नको.

जास्त उजेड हवा म्हणून एकाच आयसीवर एलईडीच्या दोन साखळ्या शेजारी शेजारी जोडू नका. करंट दोघींत सारखा वाटला जात नाही. जिची पायरी जरा खाली ती जास्त ओढते, तापते, आणि आणखी ओढते. एक साखळी तुटली की सगळा करंट दुसरीवर. प्रत्येक साखळीला आपली आयसी, आपला रेझिस्टर.

दुकानदार कधी ७८०५ पुढे करतो. तिच्यावरही करंट बांधता येतो, पण तिचं माप ५ व्होल्टचं आहे, ते रेझिस्टरवर जळणार आणि वर तिचे स्वतःचे दोन. १२ मध्ये एक एलईडी कसाबसा बसेल. नको.

तीनही एलईडी लावायचेच असतील तर मात्र एक चांगली वाट आहे. एक मॉसफेट (गेट या पायावरच्या व्होल्टेजने उघडणारा ट्रान्झिस्टर; सोर्स हा त्याचा मायनसकडचा पाय), म्हणजे आयआरएफझेड४४, आणि एक बीसी५४७, म्हणजे साधा छोटा ट्रान्झिस्टर. मॉसफेट एलईडीच्या मायनसकडे बसतो, त्याच्या गेटला प्लसकडून दहा किलोओहम. मॉसफेटच्या सोर्सपासून मायनसला दोन ओहम. त्या दोन ओहमवर ०.६ व्होल्ट झाले की बीसी५४७ जागा होतो आणि गेट खाली ओढतो. ०.६ ÷ २ = ०.३ अँपिअर. इथे एलईडीच्या वर पाऊण व्होल्ट पुरतो, म्हणून तीन एलईडी साडेदहा व्होल्टपर्यंत चालतात, आणि १२.६ व्होल्टला तीन चतुर्थांश वीज एलईडीत जाते. एलएम३१७ मध्ये ती निम्मीच जात होती. बीसी५४७ चे ०.६ व्होल्ट एलएम३१७ च्या मापाइतके पक्के नाहीत, तापले की घटतात. पण घटले की करंट कमी होतो, म्हणजे चूक एलईडीच्या फायद्याची. घरच्या दिव्याला एवढं पुरे. पहिल्यांदाच सोल्डरिंग हातात घेणाऱ्याला मी तरी एलएम३१७ च सांगतो: दोन सुटे भाग, तीन जोड, आणि चूक झाली तरी सांभाळून घेणारी आयसी.

स्विचिंगचे तयार ड्रायव्हर मिळतात, ते वीज फारशी जाळत नाहीत आणि मोठ्या दिव्याला तेच घ्यावेत. दहा वॉटचा एलईडी लिनिअरवर चालवणं म्हणजे शेगडी पेटवणं. पण ते सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात, आणि शेजारी मीडियम वेव्हचा रेडिओ असेल तर त्यात घरघर येते. मामा धार काढताना रेडिओ लावतात. लिनिअर रेग्युलेटर पूर्ण गप्प असतो.

मामांच्या गोठ्यात आता दोन एलईडीचा, एलएम३१७ चा दिवा आहे. लावला त्या रात्री लाइट यायची वाट बघत मीटर घेऊन बसलो. आधी बॅटरी १२.१, करंट ०.३२. पंप सुरू झाल्याचा आवाज आला, चार्जरचा दिवा लागला, आकडा चढत १४.२ वर गेला. करंट ०.३२. मामांनी वर बघितलं, उजेड तसाच. "ह्यो न्हाई भडकत," म्हणाले, आणि लगेच, "मोटारीच्या खोलीत एक पायजे. हितनं तीस मीटर हाय, वायर घरात पडलीया."

ती वायर अर्ध्या चौरस मिलिमीटरची निघाली, बारीकच. जाऊन-येऊन साठ मीटर, म्हणजे दोन ओहम. ०.३२ अँपिअरला त्यात ०.६४ व्होल्ट जातील. रेझिस्टरच्या दिव्याला ते जाणवलं असतं. इथे आयसी तेवढी कमी आवळेल आणि करंट तोच राहील, ठिबकच्या नळीच्या शेवटच्या ड्रीपरसारखा. त्या दिव्यात मी ३.३ ओहमचा तो वाटून घेणारा रेझिस्टर टाकणार नाही. त्याचं काम वायरच करेल, आणि उष्णता तीस मीटरभर पसरलेली असेल.